दोन अक्षरांची किल्ली : ब्राह्मी लिपीचे वाचन आणि सांचीचे दाते

प्राचीन इजिप्तची चित्रलिपी शांपोलियों या फ्रेंच विद्वानाने १८२२ साली वाचली, ही गोष्ट आपल्या महाविद्यालयीन अभ्यासक्रमात कुठे ना कुठे येतेच. रशीद गावी सापडलेला शिलाखंड, त्यावरचे तीन लेख, ग्रीक भाषेच्या आधाराने उलगडलेले रहस्य हे सारे विद्यार्थ्यांना आवडते. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १८३७ मध्ये, आपल्याकडच्या ब्राह्मी लिपीचे वाचन झाले. त्या वाचनाची किल्ली आपल्या माळव्याच्या पूर्व टोकाला, सांचीच्या स्तूपावर सापडली. इंदूरपासून ते ठिकाण अडीचशे किलोमीटरच्या आत आहे. तरीही वर्गात ही हकीकत बहुधा 'जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी वाचली' या एका वाक्यात संपते.

ते वाक्य चुकीचे नाही, पण अपुरे आहे. लिपी बंद असताना तिच्याविषयी कोण काय सांगत होते आणि ती शेवटी कशामुळे उघडली, हे त्यात येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते खरा बोध तिथेच आहे. अवाचनीय लेखाचा अर्थ सांगणारे पुष्कळ मिळतात, आणि तो अर्थ बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या आवडीचा निघतो. ब्राह्मीच्या बाबतीत असे निदान दोनदा घडले. इजिप्तच्या लिपीबाबतही घडले, आणि त्यातील एक प्रकार आपल्या स्वतःच्या आवडीचा असल्याने त्याकडे अधिक सावधपणे पाहायला हवे.

इजिप्तची लिपी

इजिप्तमध्ये एकाच भाषेसाठी लिहिण्याच्या तीन रीती होत्या. देवळांच्या व कबरींच्या भिंतींवर कोरायची ती चित्रलिपी. पपायरसवर बोरूने झरझर लिहायचे ते तिचे वळणदार रूप. आणि इसवी सनापूर्वी सातव्या शतकापासून रोजच्या व्यवहारात रुळली ती तिसरी, 'लोकलिपी'. नागरी आणि मोडीचा संबंध ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. कोरीव आणि ठसठशीत अक्षर एकीकडे, कारकुनाच्या हातचे धावते अक्षर दुसरीकडे. या लिपीत केवळ राजांच्या विजयकथा लिहिल्या जात असा सार्वत्रिक समज आहे. पण राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांच्या वस्तीत, देर अल-मदीना येथे, खापऱ्यांवर आणि दगडाच्या ढलप्यांवर लिहिलेल्या हजारो नोंदी मिळाल्या. त्यांत कामावर कोण आला, कोण आजारी म्हणून घरी राहिला, कोणाचे गाढव कोणी भाड्याने नेले, असला मजकूर आहे.

चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख इसवी सन ३९४ चा, नाईलच्या फिलाई बेटावरचा आहे. त्यानंतर ती लिपी वाचणारे पुजारी संपले. भाषा मात्र ग्रीक वळणाच्या अक्षरांत कॉप्टिक या नावाने चर्चमध्ये टिकून राहिली. पुढे युरोपात असा ग्रह पसरला की या चित्रांत आवाज नाहीतच, प्रत्येक चित्र म्हणजे एक गूढ तत्त्व. विद्वानांनी या समजुतीवर मोठमोठे ग्रंथ रचले.

अरबी परंपरेत काही लेखकांनी वेगळी वाट धरली होती. इब्न वहशिया या नावावर असलेल्या 'शौक अल-मुस्तहाम' या ग्रंथात अनेक लिपींचे तक्ते दिलेले आहेत, आणि त्याचे इंग्रजी भाषांतर १८०६ साली लंडनमध्ये छापले गेले. चित्रांना ध्वनी असतात आणि कॉप्टिक ही जुन्या भाषेचीच वंशज आहे, हे या परंपरेत काहींनी ओळखले होते. काही चिन्हांचे त्यांनी दिलेले उच्चार बरोबर ठरतात, असे इजिप्शियन संशोधक ओकाशा अल-दाली यांनी २००५ साली दाखवले. हे महत्त्वाचे आहे आणि सांगितले गेले पाहिजे. पण त्यापुढे जाऊन 'अरबांनी शांपोलियोंच्या हजार वर्षे आधी चित्रलिपी वाचली' असे विधान अलीकडे व्याख्यानांतून सर्रास होते, त्याला आधार नाही. काही अक्षरे ओळखणे वेगळे आणि सलग मजकूर वाचणे वेगळे. सलग वाचन केल्याचा पुरावा त्या ग्रंथांत मिळत नाही. आपल्या पूर्वजांना जे श्रेय आहे ते पुरेसे मोठे आहे, त्याला वाढवून सांगण्याची गरज नाही.

शांपोलियोंला मार्ग दाखवला तो राजांच्या नावांनी. लंबगोल चौकटीतील नावे ही राजाराण्यांचीच असणार, हा अंदाज आधीच झाला होता. टॉलेमी आणि क्लिओपात्रा या नावांत समान असलेली अक्षरे समान जागी येतात का, हे त्याने ताडून पाहिले, आणि ग्रीक व कॉप्टिकच्या आधाराने पुढे गेला. भारतात असा शिलाखंड नव्हता.

ब्राह्मीचा वापर आणि विस्मरण

आज निश्चित कालखंड सांगता येतो असे ब्राह्मीतील सर्वांत मोठे लेखन अशोकाचे, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातले आहे. अशोकाने आपली शासने त्या त्या प्रदेशाच्या लिपीत कोरवली. बहुतेक ठिकाणी ब्राह्मी आहे. वायव्येकडे शाहबाजगढी व मानसेहरा येथे खरोष्ठी आहे, जी उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. १९५८ साली कंदहारजवळ सापडलेला लेख तर ग्रीक आणि अरमाईक अशा दोन भाषांत आहे, आणि अरमाईक ही अरबीच्या घराण्यातली भाषा. कर्नाटकातील एका लेखाच्या शेवटी चपड नावाच्या लेखकाने मजकूर ब्राह्मीत लिहून आपला 'लिपिकार' हा हुद्दा मात्र खरोष्ठीत कोरला आहे. दोन लिपी येतात हे दाखवण्याची हौस लेखनिकांना तेव्हाही होती, एवढाच त्याचा अर्थ असावा.

'लिपी' या शब्दाविषयी इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. खरोष्ठी लेखांत हा शब्द 'दिपि' असा येतो. तो प्राचीन फारसीतला शब्द असून त्याच्याही मागे इराकमधील मातीच्या पाटीचे नाव आहे. त्याच 'दिपि'पासून फारसीत लेखनिकाला 'दबीर' म्हणू लागले, आणि 'दीवान' हा शब्दही अनेक विद्वान त्याच मुळाशी जोडतात. शिवकाळातील सोनोपंत डबीर हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. म्हणजे लिपी, डबीर आणि दिवाण हे तीन शब्द आपल्या भाषेत वेगवेगळ्या दारांनी आले असले तरी एका घरचे आहेत.

ब्राह्मी एका दिवसात मेली नाही. अक्षरांची वळणे पिढ्यानपिढ्या बदलत गेली. गुप्तकाळात एक रूप, पुढे दुसरे, शेवटी उत्तरेत नागरी आणि दक्षिणेत कन्नड-तेलुगू, तमिळ इत्यादी. प्रत्येक पिढी आपल्या आजोबांचे अक्षर वाचू शकत होती, पण खापरपणजोबांचे नाही. त्यामुळे नागरी लिहिणारा माणूस स्वतःच्याच लिपीच्या मूळ रूपापुढे निरक्षर झाला. इजिप्तमध्ये लिपी मेली आणि भाषा निराळ्या वेषात जगली. आपल्याकडे लिपीही जगली आणि भाषाही, तरी दगड मुके झाले.

फिरोजशाहाचा प्रश्न

या मुकेपणाची पहिली सविस्तर नोंद फारसीत आहे. सुलतान फिरोजशाह तुघलकाने १३५६ च्या सुमारास अंबाल्याच्या बाजूच्या तोपरा गावाहून आणि मेरठहून अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीला आणले. शम्स सिराज अफीफ आपल्या 'तारीख-इ-फिरोजशाही'त हे काम कसे झाले ते बारकाईने सांगतो. त्या वेळी आपण बारा वर्षांचे होतो असेही तो लिहितो. स्तंभाच्या पायथ्याशी खणताना तो कोसळू नये म्हणून सावरीच्या कापसाची गादी पसरली. नंतर स्तंभाला बोरू आणि कच्च्या कातड्यात गुंडाळले. बेचाळीस चाकांचा गाडा तयार केला. हजारो माणसांनी दोर ओढून तो यमुनेपर्यंत नेला, मग मोठ्या नावांवर चढवून फिरोजाबादला आणला आणि मशिदीजवळ तीन मजली इमारतीच्या माथ्यावर उभा केला. त्याला 'मिनार-इ-जरीन' असे नाव दिले.

स्तंभावर काय लिहिले आहे याची सुलतानाला उत्सुकता होती. त्याने ब्राह्मण पंडितांना बोलावले. कोणालाही ते वाचता आले नाही. पण अफीफ पुढे अशी नोंद करतो की काहींनी त्याचा अर्थ सांगितला तो असा : पुढे फिरोज नावाचा मुसलमान बादशहा होईल, तोपर्यंत हा स्तंभ कोणालाही हलवता येणार नाही.

हा प्रसंग अनेकदा विनोद म्हणून सांगितला जातो. त्यात त्या पंडितांची फजिती बघण्याऐवजी दरबाराची रीत बघावी. ज्याने एवढा खर्च करून दगड आणला त्याला 'ठाऊक नाही' असे सांगणे अवघड असते. उलट फिरोजशाहाच्या बाजूने एवढे नक्की म्हणता येईल की जे त्याला वाचता येत नव्हते ते त्याने फोडले नाही, त्यावर आपले नाव कोरले नाही, आणि ते कापसात गुंडाळून आणले. पुढे १८३७ मध्ये प्रिन्सेपने जो मोठा सलग लेख प्रथम वाचला तो याच तोपरा स्तंभावरचा. सर सय्यद अहमद खान यांनी १८४७ मध्ये 'आसार-उस-सनादीद'मध्ये दिल्लीच्या इमारतींबरोबर या लाटेचेही वर्णन केले. कुतुबमिनारच्या उंचीवरील लेखांची नक्कल करण्यासाठी ते टोपलीत बसून वर लोंबकळत असत. लेखाची नक्कल आधी बिनचूक करावी, अर्थ मागाहून लावावा, ही शिस्त त्या पुस्तकात दिसते.

वेरूळचे लेख आणि पांडवांचा वनवास

दुसरी हकीकत महाराष्ट्राची आहे. पुण्याच्या पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने अठराव्या शतकाच्या अखेरीस वेरूळ व पश्चिम भारतातील इतर लेण्यांतील लेखांच्या नकला करवून कलकत्त्याला सर विल्यम जोन्सकडे पाठवल्या. जोन्सने त्या काशीत राहणाऱ्या विल्फर्डकडे दिल्या. विल्फर्डला एका पंडिताने एक ग्रंथ दाखवला. त्यात म्हणे सर्व प्राचीन लिपींचे तक्ते होते. त्याच्या आधारे लेख भराभर वाचले गेले आणि निघाले काय, तर पांडव अज्ञातवासात रानोमाळ हिंडताना एकमेकांसाठी ठेवलेले निरोप! लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणायची लोकांची सवय होतीच, तेव्हा अर्थही तसाच निघाला. हे वाचन संपूर्ण काल्पनिक होते.

याच विल्फर्डने १७९२ साली इजिप्त आणि नाईल नदीची माहिती हिंदूंच्या पुराणांत कशी सापडते यावर लांबलचक निबंध लिहिला होता. त्यासाठी लागणारी वचने त्याचा पंडित हस्तलिखितांत खाडाखोड करून पुरवत होता. हे लक्षात आल्यावर १८०५ मध्ये विल्फर्डने जाहीर कबुली दिली. पंडिताला सगळे दोष देतात. पण साहेबाला काय हवे आहे हे साहेबानेच त्याला आधी सांगून ठेवले होते. फिरोजशाहाच्या दरबारात आणि काशीच्या बंगल्यात फरक एवढाच की पहिल्या ठिकाणी बक्षीस बादशहाचे होते आणि दुसऱ्या ठिकाणी पगार कंपनीच्या अधिकाऱ्याचा.

सांचीचे 'दानं'

खरे काम दुसऱ्या टोकाकडून सुरू झाले, म्हणजे जे वाचता येते तिथून मागे मागे. दिल्लीच्या तोपरा स्तंभावरच बाराव्या शतकातील विशालदेव चौहानाचा नागरी लेख आहे. तो राधाकांत शर्मा यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस वाचला. त्याच सुमारास चार्ल्स विल्किन्सने पाल राजांचे व त्याहून जुन्या वळणाचे लेख वाचले. १८३४ मध्ये अलाहाबादच्या स्तंभावरील समुद्रगुप्ताची प्रशस्ती वाचली गेली. या स्तंभावर अशोक, समुद्रगुप्त आणि जहांगीर असे तिघांचे लेख आहेत. जहांगीरचा फारसी लेख १६०५ चा आहे. तीन लिपी एका दगडावर आल्या म्हणून हा आपला रशीदचा दगड म्हणावा असे वाटते, पण तसे नाही. तिथे एकच मजकूर तिनदा लिहिलेला होता. इथे तीन मजकूर एकावर एक आले आहेत. शेजारी असूनही ते एकमेकांचा अर्थ सांगत नाहीत.

गुप्तकाळापर्यंत पोचल्यावर त्यामागे आणखी सहाशे वर्षांची दरी उरली. मराठी व्याकरण लिहिणारे मुंबईचे पाद्री स्टीव्हन्सन यांनी १८३४ मध्ये कार्ल्याच्या लेण्यातील लेखांवर प्रयत्न केला आणि काही अक्षरे ओळखली. पण भाषा संस्कृत आहे असे गृहीत धरल्याने वाट अडली. ती प्राकृत होती. प्रिन्सेपने त्याच वर्षी अक्षरांची छाननी करून दाखवले की एकाच मूळ अक्षराला ठरावीक जागी छोट्या रेघा जोडून त्याची निरनिराळी रूपे होतात. आपल्या मुलांना आपण जी बाराखडी घोकायला लावतो तीच ही. उच्चार कोणालाच ठाऊक नव्हते, तरी बाराखडी ओळखता आली होती. १८३६ मध्ये जर्मन विद्वान लासेन याने अगाथोक्लिस या ग्रीक राजाच्या नाण्यावरून काही अक्षरे निश्चित केली. नाण्याच्या एका बाजूला नाव ग्रीकमध्ये आणि दुसऱ्या बाजूला ब्राह्मीत होते.

जेम्स प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची पारख करणारा अधिकारी आणि एशियाटिक सोसायटीचा चिटणीस होता. १८३७ मध्ये कॅप्टन एडवर्ड स्मिथ याने सांचीच्या स्तूपाच्या कठड्यावरील लेखांचे ठसे त्याच्याकडे पाठवले. हे लेख अगदी तुटक, दोन-चार शब्दांचे होते, आणि एका कठड्यावर असे कितीतरी. छापण्यासाठी ते एकत्र मांडताना प्रिन्सेपच्या ध्यानात आले की जवळजवळ सगळ्यांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो. दुसऱ्या अक्षरावर एक टिंब आहे. एकाच इमारतीवर, वेगवेगळ्या दगडांवर, एवढे छोटे आणि एकाच शब्दाने संपणारे लेख कशाचे असतील? देवळाच्या पायरीवर, दर्ग्याच्या फरशीवर, शाळेच्या पंख्यावर आपण जे लिहितो त्याचेच. अमक्याने दिले.

त्या दोन अक्षरांच्या आधी बहुतेक ठिकाणी एक विशिष्ट अक्षर येत होते. प्रिन्सेप त्याच दिवसांत सौराष्ट्राकडून आलेली क्षत्रप राजांची नाणी वाचत होता, आणि त्यांवरून ते अक्षर षष्ठीचा 'स' आहे हे त्याला कळले होते. तेव्हा 'अमुकस दानं', म्हणजे अमक्याचे दान. 'द', 'न' आणि अनुस्वार हाती आले. मग नावे उलगडली, नावांतून आणखी अक्षरे मिळाली, आणि थोड्याच दिवसांत दिल्लीचा स्तंभ बोलू लागला. या सर्व कामात कमलाकांत विद्यालंकार हे पंडित प्रिन्सेपबरोबर होते. क्षत्रपांची ती नाणी आपल्या दृष्टीने परकी नाहीत. त्या घराण्यातील चष्टन राजाची राजधानी उज्जैन होती.

पुढे सांची येथे असे आठशेच्या वर लेख नोंदले गेले. दाते कोण आहेत हे पाहण्यासारखे आहे. भिक्षू आणि भिक्षुणी, शेठ, विणकर, लेखक, कोणाची आई, कोणाची पत्नी. स्त्रियांची नावे विपुल आहेत. पुष्कळ दाते उज्जैनचे आहेत, आणि काही माहिसतीचे, म्हणजे माहिष्मतीचे, ज्याला अनेक विद्वान महेश्वर मानतात. दक्षिण तोरणावरचे नक्षीकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केल्याचा उल्लेख आहे. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा मुख्य आनंद याचे दान कोरले आहे. तिथे पैठणच्या सातवाहनांचा आणि माळव्याचा धागा जुळतो.

शांपोलियोंचे कुलूप राजांच्या नावांनी उघडले. ब्राह्मीचे दोन-चार अक्षरांपुरते राजाच्या नावाने, आणि बाकी या दात्यांनी. यातला कोणीही भविष्यासाठी काही सांगून ठेवत नव्हता. आपला दगड दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये एवढीच त्यांची काळजी असावी.

नाशिकचा हिशेब

लिपी हाती आल्यावर महाराष्ट्रातील लेणी बोलू लागली. नाणेघाट, कार्ले, जुन्नर, कान्हेरी, नाशिक. या कामात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांनी जुनागढहून आणलेले भगवानलाल इंद्रजी (१८३९-१८८८) यांचे स्थान फार मोठे आहे. नाणेघाटातील लेखात यज्ञाच्या दक्षिणेचे आकडे आहेत. त्या जुन्या अंकचिन्हांची फोड भगवानलाल यांनी १८७६ च्या सुमारास केली. अक्षरे वाचणे आणि अंक वाचणे ही दोन कामे वेगळी आहेत, हे मोडी कागदांशी झगडणारा कोणीही सांगेल.

नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. पांडवांचा त्यात मागमूस नाही. आहे तो हिशेब. त्याने तीन हजार कार्षापण भिक्षुसंघासाठी ठेवले. त्यातील दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत करायचे नाही, केवळ व्याज खर्च करायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा द्यायचे, आणि वीस गुणिले बारा बरोबर दोनशे चाळीस. हजारांचे नव्वद निघतात, ते इतर किरकोळ खर्चाला. हा करार नगरसभेत जाहीर करून दप्तरी नोंदवल्याचेही लेखात म्हटले आहे. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' असा शब्द आहे. मूळ वस्तू गोठवून तिचे उत्पन्न तेवढे ठरवलेल्या कामी लावायचे ही वक्फची कल्पना ज्यांना परिचित आहे, त्यांना या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही. व्याजाचा प्रश्न सोडला तर रचना तीच आहे.

अशोकाचे नाव

प्रिन्सेपने वाचलेल्या स्तंभांवर राजाचे नाव 'देवानांपिय पियदसि' असे होते. हा कोण, हे त्याला कळेना. श्रीलंकेतील अधिकारी जॉर्ज टर्नर याने पाली इतिवृत्तांवरून १८३७ मध्येच दाखवले की पियदसि म्हणजे अशोक. प्रिन्सेप अतिश्रमाने आजारी पडून १८३८ मध्ये मायदेशी गेला आणि १८४० साली वारला. अशोक हे प्रत्यक्ष नाव कोरलेला लेख सापडायला आणखी पाऊणशे वर्षे लागली. १९१५ मध्ये तो निजामाच्या राज्यात, रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे मिळाला, आणि हैदराबाद पुरातत्त्व ग्रंथमालेचा पहिला अंक म्हणून एच. कृष्णशास्त्री यांनी संपादित करून प्रसिद्ध झाला. त्या खात्याचे पहिले संचालक गुलाम यजदानी होते. नंतर आपल्या मध्य प्रदेशात दतिया जिल्ह्यातील गुजर्रा येथेही अशोकाचे नाव असलेला लेख मिळाला.

आपले दोन लिपींचे कागद

ब्राह्मीचा प्रश्न सुटला. आपल्या प्रांतात मात्र त्यासारखाच एक प्रश्न हळूहळू तयार होत आहे. दख्खनच्या सुलतानांच्या, विशेषतः आदिलशाहीच्या, अनेक आज्ञापत्रांत वर फारसी मजकूर आणि खाली त्याचे मराठी रूप मोडीत असे. म्हणजे रशीदच्या दगडासारखे, एकच आशय दोन लिपींत. ग. ह. खरे यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातून असे फारसी साहित्य संपादित केले, ते दोन्ही बाजू वाचता येत होत्या म्हणून. होळकर दरबाराचे मराठी कागदही मोडीत आहेत आणि त्यांतील महसुली परिभाषा मोठ्या प्रमाणात फारसी-अरबी आहे. आज मोडी वाचणारे वेगळे आणि फारसी वाचणारे वेगळे झाले आहेत. मोडी वर्गांत फारसी शिकवली जात नाही, आणि उर्दूच्या विभागांत मोडीचे नाव निघत नाही. दोन्ही गटांकडे अर्धा कागद आहे.

याचे साधे उदाहरण म्हणजे तारीख. मराठी कागदांत शुहूर सन येतो आणि तो आकड्यांऐवजी अरबी संख्यावाचक शब्दांत, पण मोडी अक्षरांत लिहिलेला असतो. 'खमस सबैन व अलफ' असे दिसले की मोडीचा विद्यार्थी कोष्टक शोधतो. ज्याने मदरशात अरबीचे पहिले पुस्तक वाचले आहे त्याला तो तोंडी सांगता येतो : पाच, सत्तर आणि हजार, म्हणजे १०७५. एकक आधी, मग दशक, मग हजार. त्यात ५९९ मिळवले की १६७४, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे वर्ष. सन मृगाच्या सुमारास बदलत असल्याने वर्षाच्या उत्तरार्धातील महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. पण तेच शब्द मोडीत घसटून, एकमेकांत मिसळून लिहिलेले असतात, आणि तिथे अरबी जाणणाऱ्याला मोडीच्या विद्यार्थ्याला बोलवावे लागते. आपल्या महाविद्यालयांत हे दोघेही आहेत, बहुधा शेजारशेजारच्या खोल्यांत.